अंगदला हाक मारा

मिशीला कलप लावून बसलेल्या माणसानं फोन उचलू नये, हे श्रीपतीरावांना कळत नव्हतं असं नाही. कलप ओठावर उतरतो, ओठ काळा पडतो आणि मग दोन दिवस माणूस दौतीतली शाई प्यायल्यासारखा दिसतो. पण त्या दुपारी बबलूच्या दुकानात कूलरसमोर चार गिऱ्हाइकं बसली होती, चौघांनाही दुसरा काही उद्योग नव्हता, आणि श्रीपतीरावांच्या फोनवर परदेशातला नंबर वाजत होता. "साहेब, उचलू नका," बबलू कात्री थांबवून म्हणाला. "माझ्या साडूचं खातं असल्याच फोननं साफ झाल्तं." झालं. चौघं मान वर करून बघायला लागले, आणि जालन्यात इतकी वर्षं बियाण्याच्या कंपनीत नोकरी केलेला, चारचौघांत वजन असलेला माणूस फोनला भिऊन बसला असं दिसणं श्रीपतीरावांना परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी फोन उचलला, कलप लागू नये म्हणून हनुवटीपाशी आडवा धरला. पलीकडून बाईचा आवाज आला. इंग्रजी, सावकाश, धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. आपण श्रीपतीरावच ना, मला थोडी माहिती व्हेरिफाय करायची आहे. व्हेरिफाय म्हटल्याबरोबर श्रीपतीरावांच्या अंगात वारं शिरलं. भामटे काय दुसरं करतात? सगळे व्हेरिफायच करतात. "मॅडम," ते हिंदीत सुरू झाले, कारण भामट्यांशी हिंदीतच बोलायचं असतं, "आप अच्छे घर की लगती हो. माँ-बाप ने इसी के वास्ते पढ़ाया क्या? जालने में बैठे तो क्या येडे समझे हमको? कुछ इज्जत का काम ढूँढो. मेहनत की रोटी खाओ. किसी का दिल दुखा के किसका भला हुआ है आज तक?" बोलता बोलता त्यांचं त्यांनाच भरून आलं. बाई मधे दोनदा "सर" म्हणाली, पण श्रीपतीरावांना आता थांबवणं बबलूच्याही हातात नव्हतं. फोन ठेवला तेव्हा एका गिऱ्हाइकानं चक्क टाळ्या वाजवल्या. बबलूनं ओठाला लागलेला कलप ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाला, "लई बराबर बोलले साहेब. सुधारंल ती."

ऑफिसकडे चालत येताना ऊन डोक्यावर रट्टे घालत होतं तरी श्रीपतीरावांना ते जाणवलं नाही. मे महिना म्हणजे बियाण्याच्या धंद्यातली लगीनघाई. गोदामापाशी ट्रक लागलेले, हमाल घामानं निथळलेले, पोत्यांवर लॉटचे नंबर पडताहेत. त्यातून वाट काढत ते आपल्या टेबलाशी आले आणि बघतात तर बाजूच्या बाकावर धर्मराज बसलेला. धर्मराज म्हणजे अंगदचा बाप, दोन वर्षं श्रीपतीरावांच्या हाताखाली काम करून आयर्लंडला शिकायला गेलेल्या अंगदचा. घनसावंगीकडचा बागाईतदार माणूस, ऊस आणि मोसंबी, शब्दाला पक्का. आज त्यानं लग्नाला निघावं तसा कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, पांढरी टोपी, आणि पायाशी मोसंब्यांची थैली. टोपीखालून घामाचा ओघळ कानामागं चालला होता, पण तो पुसणं त्याला बहुतेक रीतीला सोडून वाटत असावं.

"रामराम सायेब."

"रामराम धर्मराजभाऊ. कधी आलात?"

"सकाळीच निघाल्तो जी. पण जीपवाला सीटा भरल्याबिगर हालंना. एक सीट कमी व्हती. एका सीटापायी तासभर उन्हात बसवलं बघा. मी म्हणलं, बाबा, त्या सीटाचं भाडं माझ्याकडून घे पण जल्दी चाल, तर म्हणतो, पैशाचं न्हाई काका, जीप भरलेली दिसली पायजे."

"फोन करायचा ना मग. इतकं काय काम होतं?"

धर्मराजनं बाकावरून पुढं सरकून आवाज खाली आणला. "फोनवर सांगायची गोष्ट असती का ही? अंगद काल म्हणाला, बाबा, सरांना मेसेज केलाय पण ते बघतेत का न्हाई, तुमी फोन करून सांगा. मी म्हणलं, येडा हायेस का? कुणाला शब्द टाकायचा तर समोर जाऊन टाकावा. फोनवर कोण शब्द टाकतंय? म्हणून आलो. आयर्लंडातून तुमाला एका बाईचा फोन येणार हाय सायेब. पोराच्या तीन-तीन मुलाखती झाल्या. समदं पसंत पडलंय. आता निस्ती तुमच्याकडं चौकशी राह्यली. तुमच्या एका शब्दावर हाय." आणि मग त्यानं अगदी सहज विचारलं, "आल्ता का फोन?"

श्रीपतीरावांनी ओठावरून जीभ फिरवली. कलपाची चव कडू होती. "अजून न्हाई," ते म्हणाले.

खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण ते दाराशी येऊन उभंच होतं, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं. त्यांनी फोन काढून टेबलाखाली धरला. सकाळपासून आलेले उगवते सूर्य, कमळं, कपबश्या, शुभ सकाळ, सुप्रभात, आजचा सुविचार. हा सगळा कचरा अंगठ्यानं वर वर ढकलत ते खाली गेले तेव्हा तळाशी अंगद सापडला. सर, उद्या दुपारी डब्लिनहून एक मॅडम फोन करतील. दोन वर्षं तुमच्या हाताखाली काम केलं, त्याबद्दल विचारतील. टेन्शन घेऊ नका, तुम्ही फक्त खरं सांगा. फक्त खरं सांगा. आणि आपण काय सांगितलं? इज्जतीचं काम शोधा. म्हणजे त्या बाईनं एका पोराला इज्जतीचं काम द्यावं की नाही एवढंच विचारायला फोन केला होता, आणि आपण तिलाच. श्रीपतीरावांच्या पोटात खड्डा पडला. बरं, हे कुणाला सांगणार? समोर बाप बसलेला, टोपी घालून.

आणि खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणायचं म्हणून म्हणायचं, ती याच्या पुढची. त्या खड्ड्याच्याही खाली, अगदी तळाला, काहीतरी गार लागलं. श्रीपतीरावांनी ते बोटानं चाचपावं तसं चाचपून पाहिलं. म्हणजे आता अंगदला ती नोकरी मिळणार नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला म्हणून तिथलं सरकार जी मुदत देतं ती त्याची सरत आली होती. ती सरली की गाशा गुंडाळायचा. म्हणजे तो परत येणार. म्हणजे शेठ त्याला डोळे झाकून परत घेणार. म्हणजे हे शेजारचं टेबल. त्यांना एकदम चोरी पकडल्यासारखं झालं आणि त्यांनी धर्मराजकडे पाहिलं. धर्मराज त्यांच्याकडे बघून हसला. "निवांत बसा सायेब," तो म्हणाला, "आपलं काय न्हाई, मी हाय दिवसभर."

शेजारच्या टेबलावर आता कुरिअरची पाकिटं पडायची. अंगद होता तेव्हा तिथं एक कॉम्प्युटर, एक पाण्याची बाटली आणि रंग उडालेली शाळकरी कंपासपेटी असायची. त्या पेटीत तो डब्यातला ठेचा ठेवायचा, कारण डब्यात ठेवला तर भाकरीला लागतो म्हणे. इंजिनीअर झालेला पोरगा, कॉलेजातून निघाल्यावर पुण्याला न जाता इथं आला, आणि शेठनं त्याला श्रीपतीरावांच्या ताब्यात दिला. कुठला लॉट कुठल्या गावाला गेला, किती परत आला, उगवण किती, हे सगळं श्रीपतीरावांच्या डोक्यात होतं. ते तिथून काढून कॉम्प्युटरात घालायचं, असं काम. डोक्यातलं काढून द्यायला श्रीपतीराव सहजी तयार नव्हते. पहिला महिना ते प्रत्येक प्रश्नाला "बघू" म्हणाले. अंगदही "बरं सर" म्हणून गप बसायचा, आणि जेवायच्या सुट्टीत कंपासपेटी पुढं करायचा. ॲसिडिटीच्या माणसानं हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊ नये. पण ठेचा खाल्ला की नाकातोंडातून पाणी यायचं आणि त्या पाण्याबरोबर एकेक लॉटही बाहेर पडायचा, आणि मग पोरगं न सांगता उठून समोरच्या हॉटेलातून ताक घेऊन यायचं. घरचा डबा उघडला की म्हणायचं, "सर, काकूंनी भाजी पेशंटसाठी केल्ती काय?" बायकोनं, तारानं, हे ऐकलं तेव्हा ती दोन दिवस श्रीपतीरावांशी बोलली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी तिनं अंगदसाठी वेगळ्या डब्यात तिखट भाजी दिली होती.

कॉम्प्युटरात जे तयार झालं ते फार झकास झालं. फक्त ते अधूनमधून अडायचं, आणि अडलं की पडद्यावर लाल चौकोन यायचा, त्यात इंग्रजीत असं काही लिहिलेलं असायचं की जणू कंपनीवर जप्तीच आली. श्रीपतीराव घाबरायचे आणि भिंतीतून वायरच उपटून काढायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर अंगदनं तो चौकोन बदलला. लालाचा पिवळा केला आणि आत मराठीत लिहिलं: सर, वायर काढू नका. अंगदला हाक मारा. खाली एकच बटण, त्यावर लिहिलेलं: बरं. तेव्हापासून चौकोन आला की श्रीपतीराव "अंगद" म्हणायचे, आणि नाव पुरं व्हायच्या आत तो खुर्चीसकट घरंगळत त्यांच्या टेबलाशी आलेला असायचा. त्यांचा स्वतःचा मुलगा, पार्थ, पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे. मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला काही विचारलं तर तो म्हणतो, बाबा, गूगल करा ना. तोही चुकीचं सांगत नाही म्हणा. पण गूगलला खुर्ची नसते.

मग आयर्लंड. जाताना शाल, नारळ, शेठचं भाषण. श्रीपतीरावांनीही दोन शब्द बोलायचे होते, ते उठले आणि "यशस्वी हो" एवढंच बोलून बसले, आणि त्याच संध्याकाळी त्यांना गाडीवरून घरी जाताना भाषणातलं सगळं आठवलं. चौकोन बदलायचं मात्र पोरगं विसरून गेलं. त्यामुळे तो अजूनही येतो, अजूनही म्हणतो हाक मारा. सुरुवातीला श्रीपतीरावांच्या तोंडून नाव निघूनही जायचं आणि हमालसुद्धा हसायचे. संभाजीनगरहून दोन जण दुरुस्तीला आले होते, त्यांनी चहा घेतला, माना हलवल्या आणि म्हणाले, हे ज्यानं केलं त्यालाच बोलवा. हेच तर चौकोन सांगत होता. श्रीपतीरावांनी मग आपल्या परीनं तोड काढली: बरं दाबायचं, थोडं थांबायचं, पुन्हा बरं दाबायचं. पाच-सातदा बरं म्हटलं की बहुतेक वेळा गाडी पुढं सरकते.

तिकडं अंगदचंही काही धड चाललं नव्हतं. शिक्षण झालं, चांगले गुण पडले, आणि मग अर्ज. एका दुकानात संध्याकाळी खोकी लावायचं काम आणि दिवसभर अर्ज. "सर," तो फोनवर सांगायचा, "इथं न्हाई म्हणायची पद्धत लई गोड हाय. चार ओळी आभार मानतेत, तुमच्यासारखा माणूस बघून आनंद झाला म्हणतेत, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा देतेत. वाचताना वाटतं, घेतलंच आता. शेवटाला कळतं." श्रीपतीराव "होईल, होईल" म्हणायचे. आणि फोन ठेवल्यावर त्यांना प्रत्येक वेळी आपल्या "होईल"मध्ये काय होईल ते नीट भरलेलं नाही अशी शंका यायची.

दुपार सरकत होती. श्रीपतीरावांनी व्हरांड्यात जाऊन त्या नंबरावर फोन लावून पाहिला. यंत्रानं त्यांना मराठीत, नंतर हिंदीत, नंतर इंग्रजीत सांगितलं की तुमच्या फोनवर परदेशी सोय नाही. अंगदला व्हॉट्सॲपवरून लावला, घंटी नुसती वाजत राहिली. मग त्यांनी मेसेज लिहायला घेतला. फोन आला होता, पण मी. इथं अडले. मी काय? मी त्यांना मेहनतीची रोटी खायला सांगितलं? पुसलं. पुन्हा लिहिलं. फोन आला होता का. हे तर आपणच त्याला विचारतोय. पुसलं. आत आले तर धर्मराज जाग्यावर तसाच. त्यानं आता मोसंबी सोलायला घेतली होती आणि सालीचा वास सगळ्या ऑफिसभर पसरला होता.

"सायेब, एक सांगू का," धर्मराज एक फोड पुढं करत म्हणाला. "बाईनं काही इचारलं तर घाबरू नका. आपल्याकडं सोयरिकीची चौकशी येती तसंच असतंय. पोरगा निर्व्यसनी हाय म्हणून आधी सांगायचं. सुपारीबी खात न्हाई. घरी आई-बाप हायेत, बागाईत हाय, पोराला उंची बराबर हाय."

"भाऊ, उंची न्हाई विचारत तिकडं."

"इचारलं तर. आपल्याकडं तयारी असावी."

सोयरिकीच्या चौकशीचं श्रीपतीरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भावकीत कुणाचंही ठरत असलं की लोक त्यांनाच विचारायचे, कारण त्यांचं बोलणं तोललेलं. त्यांची सारी कला बोलण्यात नव्हती, थांबण्यात होती. 'पोरगा चांगला आहे' म्हणून ते पुढं लगेच 'घरही चांगलं' म्हणाले, तर समजायचं करून टाका. पण 'पोरगा चांगला आहे' म्हणून ते जर थांबले, पाण्याचा घोट घेतला, आणि मग म्हणाले 'बाकी तुम्ही बघताच आहात', तर त्या घरी पुन्हा कुणी जात नसे. खोटं म्हणून कधी बोलले नाहीत. घोटभर पाण्यात दोन-तीन लग्नं मोडली असतील. आता त्यांना त्या घोटाची आठवण झाली आणि टेबलावरचा तांब्या त्यांनी उगाचच हातभर लांब सरकवला. कारण मनात आलं होतं. आलं होतं हे नाकारून काय उपयोग. बाईनं पुन्हा फोन केलाच, तर काही वाईट बोलायचीसुद्धा गरज नाही. नुसतं थांबलं तरी पुरे. आयर्लंडची बाई असली म्हणून काय झालं, थांबणं सगळीकडे कळत असणार.

ऑफिस सुटायच्या सुमाराला, हमाल हातपाय धूत होते तेव्हा, फोन वाजला. तोच नंबर. धर्मराज ताडकन उठला, टोपी सारखी केली, पुन्हा बसला, आणि म्हणाला, "मोठ्यानं लावा की जी. मला बी ऐकू द्या."

"इंग्रजीत बोलणार आहे ती."

"बोलू द्या. आवाजावरून माणूस कळतंय."

श्रीपतीरावांचं इंग्रजी सारं पत्रांतून आलेलं. त्यांनी घसा साफ केला आणि आपला फोन पोचला, त्याबद्दल आभारी आहोत, अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य म्हटलं, तारीख तेवढी घालायची राहिली. बाई म्हणाली, मी दुपारीही केला होता. दुसऱ्या कुणी गृहस्थांनी उचलला. ते पुष्कळ वेळ बोलले, फार कळकळीनं बोलले, पण मला त्यांची भाषा कळली नाही. सगळं ठीक आहे ना?

श्रीपतीरावांनी धर्मराजकडे पाहिलं. धर्मराज आदरानं मान डोलावत होता. "होय," श्रीपतीराव म्हणाले, "तेसुद्धा अंगदबद्दलच बोलत होते. स्तुती करत होते."

किती छान, बाई म्हणाली. फार मनापासून बोलले हो ते.

"त्यांचा अंगदवर फार जीव आहे," श्रीपतीराव म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज दिवसभरात आपण बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

मग प्रश्न सुरू झाले. किती काळ काम केलं, काय काम केलं, वेळेवर यायचा का, लोकांशी कसा वागायचा. श्रीपतीराव सांगत गेले. ठेच्याचं सांगितलं नाही, पण ठेच्यामुळे जे झालं ते सांगितलं: की माणसाच्या डोक्यातलं काढून घ्यायचं तर आधी माणसाला बोलतं करावं लागतं आणि ते या मुलाला येतं. बाजूनं धर्मराज कुजबुजला, "निर्व्यसनी," आणि त्याच्या समाधानासाठी श्रीपतीरावांनी तेही इंग्रजीत घातलं. बाई म्हणाली, उत्तम. आणि मग तिनं विचारलं, त्याच्यात काही उणीव आहे का? कुणाच्यातही असतेच.

आली जागा. तांब्या लांब होता, पण हात पोचला असता. उणीव होती. बरोबर माहीत होती, रोज पिवळ्या चौकोनात दिसत होती. श्रीपतीरावांना वाटलं, न सांगावं. मग वाटलं, फक्त खरं सांगा असं त्यानंच लिहिलंय. मग वाटलं, हे आपण खऱ्यासाठी सांगतोय की दुसऱ्याच कशासाठी. आणि या तिन्हींचा निकाल लागायच्या आत ते बोलून गेले होते. "तो लिहून ठेवत नाही. काही अडलं की स्वतः उठून येतो. त्यामुळे तो असेपर्यंत काहीच अडत नाही. तो गेला की मागं राहिलेल्याला काही सुधरत नाही." पलीकडे कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज आला. ती लिहून घेत होती. झालं, श्रीपतीरावांना वाटलं, मोडलं आपण हे. बाप शेजारी मोसंबी धरून बसलाय आणि आपण मोडलं. तळाला आता गारबिर काही लागत नव्हतं. आत्ताच्या आत्ता ते वाक्य परत ओढून घेता आलं असतं तर त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढलं असतं.

शेवटचा एकच प्रश्न, बाई म्हणाली. हा मी सगळ्यांनाच विचारते. संधी मिळाली तर तुम्ही त्याला परत कामावर घ्याल का?

श्रीपतीराव थांबले नाहीत. थांबणं त्यांना सुचलंच नाही. "आज," ते म्हणाले. "आज घेईन मॅडम. आत्ता घेईन. त्याचं टेबल आहे इथं, मी पाकिटं काढून टाकतो. तुम्हाला नको असला तर कृपा करून मला लगेच कळवा, मी स्वतः मुंबईला विमानतळावर जाईन." त्यांचं पत्राचं इंग्रजी मधेच कुठंतरी सुटून गेलं होतं, शेवटी शेवटी ते मराठीतच बोलत होते, आणि आवाज त्यांचा राहिला नव्हता. मग हळू आवाजात आभार मानून तिनं फोन ठेवला.

"काय म्हणली?" धर्मराजनं विचारलं.

"विचारत होती, परत घ्याल का म्हणून."

"मंग?"

"म्हटलं, आज पाठवा."

धर्मराजचा चेहरा पडला. "सायेब," तो म्हणाला, "असं कसं बोलले तुमी? पसंत पडलेल्या पोराला कुणी परत बोलावतं का? आता ती म्हणंल, त्यांचं त्यांनाच पायजे हाय, तर न्या." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच श्रीपतीरावांना त्याच्याकडे बघवेना. मोसंब्यांची थैली तशीच ठेवून तो निघाला, आणि दारातून मागं वळून रामराम मात्र केला.

ते पुढचे दिवस श्रीपतीरावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. जेवण जाईना. तारानं विचारलं, "अहो, ओठाला काय लावलंय?" तर म्हणाले, "पाप." ती म्हणाली, "खोबरेल लावा, जाईल." फोन वाजला की ते झडप घालायचे आणि तो पार्थचा निघायचा. रात्री पडल्या पडल्या ते स्वतःलाच चौकशीला बसवायचे. तू त्याचं भलं चिंतलंस का? चिंतलं. सगळंच्या सगळं? इथं त्यांची थांबण्याची कला त्यांच्यावरच चालायची.

आणि एका सकाळी धर्मराज पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. तीच टोपी. आल्या आल्या तो वाकून श्रीपतीरावांच्या पाया पडायला लागला, श्रीपतीरावांनी धरला म्हणून बरं. "झालं सायेब. घेतलं त्याला. मी येडा, मला काही कळलं न्हाई तवा. तुमीच खरे." हमालांपासून शेठपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. शेठनं पेढा खाऊन श्रीपतीरावांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आता त्या टेबलावर दुसरा कुणी बसवू.

अंगदचा आवाज फोनवर आला होता, बोलून पाठवलेला. श्रीपतीरावांनी तो व्हरांड्यात जाऊन कानाला लावला. "सर, काय कमाल केली राव तुम्ही. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं हे काम करून राह्यले, पण असं कुणी बोललेलं न्हाई ऐकलं. म्हणल्या, तुझे जुने साहेब तर तू परत यावा म्हणून रडायला आल्ते. उणिवेचं सांगितलं ना, त्यानं तर कामच झालं. म्हणल्या, जो माणूस उणीव सांगतो त्याचं बाकीचं खरं असतं. सर, एवढी ॲक्टिंग कुठं शिकले तुम्ही? बिलकुल खरं वाटलं त्यांना." मग तो खूप हसला, हसता हसता त्याला ठसका लागला, आणि श्रीपतीरावांची नजर उगाच समोरच्या हॉटेलकडे, ताकाकडे गेली. "आणि सर, तो माझा मेसेज अजून येतो का हो? हाक मारा म्हणून? लाज वाटली मला. मी इथून बदलून देतो. पाच मिनिटांचं काम हाय."

श्रीपतीराव टेबलाशी येऊन बसले. शेजारी पाकिटांवर पेढ्याचा रिकामा पुडा पडला होता. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं: अभिनंदन. आता तो मेसेज येत नाही. तू तुझं काम बघ.

मग समोरच्या लॉटचा नंबर त्यांनी कॉम्प्युटरात घातला. गाडी अडली. पिवळा चौकोन वर आला. सर, वायर काढू नका. अंगदला हाक मारा. ऑफिसात गडबड होती, कुणाचं लक्ष नव्हतं. श्रीपतीरावांनी ओठ हलवले न हलवले आणि बटण दाबलं.

बरं.